सावकाराला माणूस होऊ द्या

गावाच्या चावडीपुढे पथनाट्य सुरू होते. डफावर थाप पडते आणि सावकार रिंगणात येतो. पुढे आलेले पोट, कपाळावर गंध, काखेत चोपडी, मिशीला पीळ आणि तोंड उघडण्याआधीच ते गडगडाटी हास्य. प्रेक्षकांतील चार वर्षांचे पोरसुद्धा त्याला ओळखते. तो शेतकऱ्याला लाथाडतो, त्याच्या बायकोकडे वाईट नजरेने पाहतो, कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घेतो. शेवटी सगळे उठतात, चोपडी फाडतात, सावकार पळतो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. प्रयोग यशस्वी झाल्याची नोंद कार्यकर्त्याच्या वहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच प्रेक्षकांतील एक शेतकरी बियाण्यासाठी पैसे काढायला गावातल्या एका गृहस्थाच्या ओट्यावर जाऊन बसतो. हा गृहस्थ हसत नाही. तो आधी चहा सांगतो. मुलीच्या बाळंतपणाची चौकशी करतो. गेल्या साली आपल्याही उसाचे बिल वेळेवर आले नाही, हे खरेच सांगतो. महिन्याला शेकडा पाच रुपये, हा दर सांगताना त्याचा आवाज किंचित खाली येतो. तारण म्हणून दोन एकरांचे खरेदीखत ‘नावापुरते’ करून द्यायचे ठरते. शेतकरी ‘उपकार झाले’ म्हणून उठतो. रात्रीचा तो राक्षस आणि सकाळचा हा सद्गृहस्थ यांचा काही संबंध असेल, असे त्याच्या मनातही येत नाही. पथनाट्याने त्याला सावकार ओळखायला शिकविले नाही. सावकार न ओळखायला शिकविले.

खलनायक जितका काळा तितके लेखन जहाल, अशी एक समजूत पुरोगामी म्हणविणाऱ्या साहित्यात आणि कलापथकांत फार दिवस मुरली आहे. शोषकाच्या तोंडी एखादे शहाणे वाक्य घातले, त्याला एखादी रात्र झोप लागू दिली नाही, की लेखक ‘सौम्य’ झाला अशी कुजबुज सुरू होते. ही समजूत वाङ्मयीन दृष्ट्या चुकीची आहेच, पण राजकीय दृष्ट्या ती त्याहून घातक आहे. ज्याच्या जागी वाचकाला क्षणभर स्वतःला ठेवून पाहता येते, असाच खलनायक कथेला सत्याकडे नेतो. बाकीचे खलनायक कथेला फक्त शेवटाकडे नेतात.

येथे एका शब्दाचा घोळ आधी दूर केला पाहिजे. सहानुभूती हा शब्द मराठीत दयेच्या अर्थाने झिजून गेला आहे. मूळ अर्थ सह-अनुभूतीचा, म्हणजे दुसऱ्याला जे आणि जसे भासते ते आपल्यालाही भासण्याचा. सावकाराविषयी सहानुभूती म्हणजे त्याला माफी नव्हे. व्याजाचा दर त्याला न्याय्य का वाटतो, हे त्याच्या डोळ्यांनी पाहून घेणे, एवढाच तिचा अर्थ. न्यायाधीशाला आरोपीची बाजू ऐकावी लागते. त्यामुळे शिक्षा कमी होतेच असे नाही, पण शिक्षेला अर्थ येतो.

मार्क्सची गोष्ट येथे आठवावी. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडाच्या १८६७ सालच्या प्रस्तावनेत त्याने बजावून ठेवले आहे की, भांडवलदार आणि जमीनदार यांचे चित्र त्याने मुळीच गुलाबी रंगात काढलेले नाही, परंतु त्यांचा विचार तो आर्थिक संबंधांचे वाहक म्हणून करतो आणि ज्या संबंधांनी माणूस घडला त्यांची जबाबदारी एकट्या माणसावर टाकत नाही. मार्क्सला भांडवलदाराची दया आली होती, असे कोणी म्हणणार नाही. त्याला एवढेच दाखवायचे होते की, कारखानदार स्वभावाने दयाळू असला तरी स्पर्धा त्याला कामाचे तास वाढवायला लावते. व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या दुष्टपणावर ढकलला, तर उपाय फारच सोपा होतो. दुष्टाच्या जागी सुष्ट बसवावा, की झाले. समाजवादाची मग गरजच उरत नाही.

दोन सावकार, दोन कथा

मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ (१९५७) देशातील कोट्यवधी लोकांनी पाहिला. त्यातील सुखीलाला हा हिंदी पडद्यावरील सर्वांत प्रसिद्ध सावकार. १९४० च्या ‘औरत’ या मूळ चित्रपटातही ही भूमिका कन्हैयालाल यांनीच केली होती आणि त्यांचा अभिनय अव्वल दर्जाचा आहे, याबद्दल वाद नाही. पाचशे रुपयांच्या कर्जापायी तीनचतुर्थांश पीक व्याजात जाते. वाद पंचायतीपुढे जातो आणि निकाल सुखीलालाच्या बाजूने लागतो. येथपर्यंत चित्रपट अर्थशास्त्राच्या वाटेने चालतो. पुढे मात्र सुखीलाला लंपट होतो, भुकेल्या राधेच्या अब्रूवर टपतो. येथून प्रश्न कर्जाचा राहत नाही, चारित्र्याचा होतो. अखेर बिरजू त्याला ठार करतो, चोपड्या जळतात, कालव्याला पाणी येते.

एक साधा प्रश्न या चित्रपटाला विचारून पाहावा. सुखीलाला एकपत्नीव्रती असता, त्याने हिशेबात एका पैचीही लबाडी केली नसती आणि ठरलेले व्याज तेवढे घेतले असते, तर राधेची जमीन वाचली असती काय? पावसावरचे पीक, घरात भांडवल नाही, सुगीला भाव पडलेला आणि पत देणारे गावात एकच दार. अशा स्थितीत प्रामाणिक सावकारानेही तिला तितकेच बुडविले असते. चित्रपट हा प्रश्न विचारू शकत नाही, कारण त्याने सावकारीचे सगळे पाप सावकाराच्या नजरेत साठवून ठेवले आहे.

याच्या शेजारी प्रेमचंदांचे ‘गोदान’ (१९३६) ठेवावे. त्यातील जमीनदार रायसाहेब अमरपालसिंह सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले आहेत. होरीसारख्या फाटक्या कुळाला समोर बसवून ते आपल्या वर्गाची निर्भर्त्सना करतात. आपण परोपजीवी आहोत, या ऐश्वर्याने आपल्याला पंगू करून टाकले आहे, असे ते कळकळीने बोलतात आणि त्यात ढोंग नसते. इतक्यात नोकर येऊन सांगतो की, वेठीला धरलेली माणसे खायला मिळाल्याशिवाय कामाला हात लावीत नाहीत. रायसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडतात, ते संतापाने उठतात आणि त्यांना सरळ करायला निघतात. नीतिधर्माच्या गोष्टी करणारा हा माणूस एकाएकी इतका का तापला, याचे होरीला नवल वाटते.

त्या एका क्षणात जमीनदारीविषयी जेवढे कळते, तेवढे शंभर चाबूकवाल्या जमीनदारांकडून कळणार नाही. रायसाहेब वाईट असते तर वाचक म्हणाला असता, चांगला जमीनदार हवा. प्रेमचंदांनी चांगला जमीनदारच आणून उभा केला आणि त्याचा चांगुलपणा वेठीच्या भाकरीपाशी कसा संपतो, ते दाखविले. त्याच कादंबरीतील दुलारी सहुआइन होरीशी दीर-भावजयीच्या नात्याने थट्टामस्करी करते आणि व्याजही सोडत नाही. होरीला बुडविणारी माणसे त्याच्याच गल्लीत राहतात, त्याच्याच सणांना येतात. म्हणूनच होरीचे मरण वाचकाला छळत राहते. ज्याला मारून प्रश्न सुटेल असा कोणीही लेखकाने त्याच्या हाती दिलेला नाही.

अमेरिकेतही हेच घडले. जॉन स्टाइनबेकच्या ‘ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) मध्ये ओक्लाहोमाच्या कुळांची घरे पाडायला ट्रॅक्टर येतो. चालविणारा कोणी परका नव्हे, ओळखीच्याच घरातला पोरगा. त्याला दिवसाला तीन डॉलर मिळतात आणि घरी बायकापोरे आहेत. कूळ बंदूक रोखते. चालक समजावतो की, त्याला मारले तर उद्या दुसरा येईल. हुकूम बँकेचा आहे आणि बँकेला हुकूम पूर्वेकडून येतो. मग गोळी घालायची कोणाला, या प्रश्नाला तेथे उत्तर नाही. त्या तीन डॉलरांची वाचकाला किंमत कळली नसती, तर हा प्रश्न उभाच राहिला नसता. मक्तेदारी भांडवलावरचे एखादे प्रकरण वाचून जे ध्यानात येत नाही, ते त्या पोराच्या अडचणीतून येते.

राक्षस कोणाच्या उपयोगी पडतो?

कोणी म्हणेल, हे सारे सूक्ष्म आहे. लोकांना चेतवायचे तर राक्षसच हवा. राक्षसाने लोक चेततात, हे खरे आहे. प्रश्न हा की, चेतलेले लोक जातात कोठे?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि कर्जरोखे जाळले. पुणे व नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदला गेलेला हा उठाव मुख्यतः मारवाडी व गुजर सावकारांवर होता. शेतकऱ्यांचा राग खोटा नव्हता आणि रोखेच जाळावेत, ही त्यांची समजही मार्मिक होती. पण त्या सावकाराच्या मागे कोण उभे होते? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा भाव चढला. मुंबईच्या निर्यातदारांनी शहरी पेढ्यांना पैसा दिला, पेढ्यांनी खेड्यातील सावकाराला आणि सावकाराने रयतेला. यादवी संपली, भाव कोसळला आणि वरून खालपर्यंत प्रत्येकाने आपले पैसे मागितले. त्याच सुमारास सरकारने नव्या आकारणीत सारा वाढविला, आणि तोही रोख. रयतेच्या रक्षणासाठी म्हणून १८५९ साली रोख्यांची मुदत तीन वर्षांची करण्यात आली होती. सावकाराने दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेतला. रयतेला दिसला तो फक्त शेवटचा माणूस. मुंबईचा व्यापारी, लँकेशायरची गिरणी आणि कलेक्टरची कचेरी त्या बाजारात हजर नव्हती.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा केला. सावकार खलनायक ठरणे सरकारला गैरसोयीचे नव्हते. साऱ्याचा बोजा तेवढा बाजूला राहिला. पुढे पंजाबात १९०० सालच्या जमीन हस्तांतरण कायद्याने बिगर-शेतकरी जातींच्या सावकारांना जमीन घेण्याची बंदी झाली आणि त्यांची जागा शेतकरी जातींतल्याच सावकाराने घेतली. खलनायक बदलला, चोपडी तीच राहिली.

राक्षसाचा आणखी एक धोका आहे. राक्षसाला जात, धर्म आणि नाकाचा आकार चिकटवायला वेळ लागत नाही. इंग्रजी रंगभूमीवर १५९० च्या सुमारास मार्लोने माल्टाचा ज्यू उभा केला. तो भिक्षुणींचा अख्खा मठ विष घालून मारतो आणि शेवटी स्वतः उकळत्या कढईत पडतो. काही वर्षांनीच शेक्सपिअरने शायलॉक उभा केला. तोही सूडाने पेटलेला आणि सुरी परजणारा, पण ज्याच्या अंगावर व्हेनिसचे सभ्य व्यापारी थुंकतात आणि मग त्याच्याकडेच कर्ज मागायला येतात असा. मृत पत्नीने दिलेली अंगठी मुलीने माकडासाठी उधळली, हे ऐकून तो कळवळतो. आज मार्लोचा बाराबास अभ्यासकांपुरता उरला आहे आणि शायलॉक चार शतकांनंतरही प्रेक्षकाला अस्वस्थ करतो.

विसाव्या शतकात याच गोष्टीची भयंकर परीक्षा झाली. वुर्टेम्बर्गच्या ड्यूकचा ज्यू अर्थसल्लागार योसेफ झ्यूस ओपेनहाइमर याला १७३८ साली श्टुटगार्ट येथे फासावर चढविण्यात आले. लिओन फॉयख्टवांगरने १९२५ मध्ये त्याच्यावर कादंबरी लिहिली. त्यातील झ्यूस लोभी आहे, सत्तेचा भुकेला आहे, प्रजेला पिळणाऱ्या राजवटीचा हस्तक आहे. पण तो माणूस आहे. पुढे १९४० मध्ये नाझी राजवटीने याच माणसावर फाइट हार्लानकडून चित्रपट करवून घेतला. पात्राची गुंतागुंत त्यातून गेली. उरला तो परका, कामांध, कपटी ज्यू. हिमलरने हा चित्रपट एसएस आणि पोलीस दलाने पाहावा, असा आदेश काढला. ज्यांना गोळ्या घालायच्या त्यांना आधी पडद्यावर माणूसपणातून बाद करावे लागते, हे त्याला पुरते ठाऊक होते. निखळ राक्षस हे फॅसिझमचे आवडते पात्र आहे. ते उसने घेऊन समाजवादाचे नाटक उभारता येत नाही. आज पडद्यावर एखाद्या धर्माचा माणूस दिसला की पार्श्वसंगीत बदलते, हे ज्यांना खुपते, त्यांनी आपल्या पथनाट्यातील सावकाराची बोलीही एकदा तपासून पाहावी.

मराठीचे आपले उत्तर

या प्रश्नाची उत्तरे शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगभूमीवर आले आणि त्यावरून मोठे वादळ उठले. घाशीराम क्रूर आहे, स्वतःच्या मुलीचा सौदा करून कोतवाली मिळविणारा आहे. परंतु तो पुण्यात आला तेव्हा क्रूर नव्हता. चोरीचा आळ, मारहाण आणि मानहानी यांतून तो घडला. हे पाहिलेले असल्यामुळेच अखेरीस जमाव त्याला ठेचतो तेव्हा प्रेक्षकाला सुटल्यासारखे वाटत नाही. ज्याने त्याला कोतवाल केले तो नाना शाबूत आहे आणि उत्सवाची आज्ञा देतो आहे. सुखीलाला मेल्यावर प्रेक्षक घरी जातो. घाशीराम मेल्यावर प्रेक्षकाचे लक्ष नानाकडे जाते.

तेंडुलकरांचीच पटकथा आणि जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन असलेला ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. त्यातला निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखाना आणि त्याभोवतीचा सहकाराचा पसारा उभा करणारा माणूस. तो एका दारुड्या, मोडून पडलेल्या मास्तराला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपले कर्तृत्व कौतुकाने दाखवितो. त्याचे कर्तृत्व खोटे नाही. उजाड माळावर त्याने खरोखरच काही उभे केले आहे. प्रेक्षकाला तो आवडू लागतो आणि तेथेच चित्रपट त्याला पकडतो. कारण डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाची चौकशी थांबवायला तयार नाही. हिंदुराव नुसता गुंड असता तर महाराष्ट्राच्या सहकारी सत्तेविषयी या चित्रपटाने काहीच सांगितले नसते. विकास आणि दहशत एकाच हाताने कशी होते, हे दाखवायला तो हात आधी उबदार वाटावा लागतो.

आक्षेप आणि कसोटी

आक्षेप तीन घेतले जातात आणि तिन्ही दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

पहिला असा की, शोषकाची बाजू समजली की राग मावळतो. वस्तुतः मावळतो तो फक्त उथळ राग. ‘हा माणूस वाईट’ हा राग तो माणूस मेला, बदलला किंवा त्याने देवळाला देणगी दिली की संपतो. ‘हा माणूस बरा असूनही असे करतो’ हा राग टिकतो, कारण त्याला व्यवस्थेशिवाय दुसरे लक्ष्य उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आजचे व्यापारी चित्रपट आणि घरबसल्या पाहायच्या मालिका गुंडांना, तस्करांना आणि टोळीवाल्यांना नायक करून विकत आहेत. खलनायकाची सहानुभूती म्हणजे हेच काय? नव्हे. येथे एक कसोटी लावता येते. कथेच्या शेवटी बळी पडलेला माणूस आठवतो की नाही, ते पाहावे. टोळीवाल्याच्या झगमगाटी कथेत मेलेल्यांना नावे नसतात. ते गोळी लागून पडण्यापुरते येतात. ‘सामना’त मारुती कांबळे बहुतेक वेळ पडद्यावर नसतो, पण तो क्षणभरही विसरू दिला जात नाही. खलनायकाला माणूस करताना बळीचे माणूसपण कमी झाले, तर ती सहानुभूती नसून खुशामत आहे.

तिसरा आक्षेप कलापथकांचा. वीस मिनिटांच्या पथनाट्यात अंतरंग उलगडायला सवड कोठून आणायची? सोंगाची, विडंबनाची परंपरा मोठी आहे आणि सत्ताधाऱ्याची टर उडवायला तिचा उपयोग यापुढेही होईल. पण माणूस उभा करायला वीस मिनिटे लागत नाहीत, एक वाक्य पुरते. हसणाऱ्या सावकाराच्या जागी, आपलाही मुंबईचा हप्ता थकला आहे असे खालच्या आवाजात सांगणारा सावकार उभा करावा. नाटक लांबणार नाही. प्रेक्षकांची शांतता मात्र बदलेल.

हे आज अधिकच निकडीचे झाले आहे, कारण काखेत चोपडी घेतलेला सावकार दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. सावकारीपोटी लुबाडलेली जमीन परत मिळविण्याची तरतूद त्यात आहे. परंतु कर्ज आता इतर दारांनीही येते. २०१० साली आंध्र प्रदेशात सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या वसुलीच्या जाचातून आत्महत्या झाल्याचे पुढे आले आणि ऑक्टोबर महिन्यात राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. गरीब स्त्रियांच्या उद्धाराची भाषा बोलतच या कंपन्या गावात आल्या होत्या. तेथे खलनायक कोण? साप्ताहिक हप्ता गोळा करणारा पोरगा, जो स्वतः अल्पभूधारकाच्या घरातला आहे आणि वसुली न झाल्यास ज्याची नोकरी जाते? की कर्जगटातील शेजारीण, जी आपले पुढचे कर्ज अडेल म्हणून थकबाकीदार बाईच्या दारात जाऊन बसते? दोघांच्याही मिशीला पीळ नाही. दोघांनाही रात्री झोप लागत नाही. आणि दोघांच्या हातून जे घडते, ते सुखीलालाच्या कृत्याहून कमी नाही.

ही कथा लिहिली जायची आहे. ती लिहिणाऱ्याला त्या पोराच्या दुचाकीवर मागे बसून चार गावे हिंडावे लागेल, शेजारणीच्या चुलीपाशी बसून तिचा हिशेब ऐकावा लागेल, आणि तरीही थकबाकीदार बाईच्या घराकडे पाठ फिरविता येणार नाही. हे काम घोषणा लिहिण्यापेक्षा अवघड आहे. पण सकाळी खरेदीखतावर सही करायला निघालेला शेतकरी ओट्यावरच्या चहापाशी क्षणभर थबकावा असे वाटत असेल, तर चावडीपुढच्या राक्षसाला आता निरोप दिला पाहिजे आणि त्या ओट्यावरच्या सद्गृहस्थालाच रिंगणात आणले पाहिजे, त्याच्या चहासकट, त्याच्या थकलेल्या उसाच्या बिलासकट.